चिकण्यांच्या घरी अडकलेली बारी

पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या बाजूला डोंगरावर एक लहान गाव आहे. त्याच्या दोन वाड्या, आणि दोन्हींत मिळून पाण्याची एकच टाकी. यंदा शिमग्याच्या आधीपासून ती टाकी भरून सांडत होती आणि गावातली माणसं हंडे घेऊन खाली दरीतल्या ओढ्यात, वहाळात, उतरत होती. टाकीचं पाणी मोकळं करू शकणारी किल्ली माझ्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये होती आणि तो लॅपटॉप नाशिकला माझ्या घरात होता. मुलगी गेल्या श्रावणात गेली. म्हणून मी निघालो. एरवी या भागात जाण्याचं मला काही कारण नव्हतं.

वीर

वीर स्टेशनवर उतरलेली माणसं गाडी हलायच्या आत पांगली. बाहेर एक रिक्षा उभी होती.

"महाड? बसा काका. एकटेच?"

"एकटाच."

"मग अजून दोघं येऊंदे. घाई नाय ना?"

घाई नव्हती. थोड्या वेळाने दोन बायका आल्या, सोबत सुक्या मासळीचं गाठोडं. मी लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात सरकलो. रस्ता वळणांचा होता. दर वळणाला गाठोडं माझ्या गुडघ्यावर यायचं आणि मी पिशवी छातीशी धरायचो.

"काका, पिशवी खाली ठेवा की," शेजारची म्हणाली.

"असू दे."

"सोना हाय काय आत?"

दुसरी हसली. "गो, सोना असता तर रिक्षाने आलं असतं काय?"

मलाही हसू आलं. किती दिवसांनी, ते आठवलं नाही. महाडला त्या उतरल्या तेव्हा रिक्षावाल्याला म्हणाल्या, काकांना नीट उतरव, त्यांची पिशवी जड हाय.

महाड

लॉजवर पिशवी उघडली आणि कळलं की चार्जर नाशिकलाच राहिला. लॅपटॉप जुना, त्यामुळे दुकानं फिरत बसलो. बाजारपेठेत एका मोबाइलच्या दुकानात शेवटी तो मिळाला. दुकानाच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक मातकट रेघ होती. महागाचा सगळा माल रेघेच्या वरच्या फळ्यांवर, आणि खाली फक्त कव्हरं आणि हेडफोन.

"पुराची?" मी विचारलं.

"हां. रंग दिला तरी परत दिसते," दुकानदार म्हणाला. त्याने लॅपटॉप उलटा करून पाहिला. "काका, हा फार जुना झाला. ह्याचे पार्ट नाय मिळत आता. एक्स्चेंजमधे नवीन घ्या."

"मुलीचा आहे."

"मग तिला नवीन द्या, खूश होईल."

मी चार्जर घेतला आणि निघालो.

संध्याकाळी चवदार तळ्याच्या कठड्यापाशी बसलो. लांबून आलेलं एक कुटुंब फोटो काढत होतं. आजोबांनी चपला काढून ठेवल्या आणि खाली वाकून ओंजळ पाण्याला लावली. नाशिकला गोदावरीवर मी जन्मभर माणसं पाण्याला हात लावताना पाहिली आहेत, पण ते हात काहीतरी मागत असतात. या आजोबांना मागायचं काही नव्हतं असं वाटलं. मुलीने मला हे तळं फोनवर दाखवलं होतं. ती या भागात आली की इथे बसायची.

तिच्या कामाविषयी इथेच सांगतो.

अनघा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होती. क्रिप्टोकरन्सी ज्या ब्लॉकचेनवर चालते, त्यावर ती स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहायची. मी कॉलेजात गणित शिकवलं. मला ते नाणं, त्याचे चढउतार, यात कधी रस वाटला नाही आणि तिलाही नव्हता. मी तिला विचारलं होतं, ही साखळी म्हणजे नेमकं काय. ती म्हणाली, "बाबा, एका चावडीवर फळा असेल तर पाटील रात्री जाऊन पुसू शकतो. हजारो चावड्यांवर तोच फळा असेल आणि सगळ्यांवर एकाच वेळी लिहिलं जात असेल, तर कुणी कुठे कुठे पुसेल?" आणि कॉन्ट्रॅक्ट म्हणजे त्या फळ्यापाशी बसवलेला एक हट्टी कारकून. त्याला एकदा जे नियम सांगितले ते तो पाळणार. नंतर कुणी ओरडा, रडा, त्याला ऐकू येत नाही.

"आणि त्याला तू स्टेटफुल म्हणतेस, ते म्हणजे?"

"म्हणजे त्याला आठवण असते. कालपर्यंत काय ठरलं ते लक्षात ठेवून तो आजचं उत्तर देतो."

गावासाठी तिने लिहिलेलं कॉन्ट्रॅक्ट एवढीच आठवण ठेवायचं: पाण्याची बारी, म्हणजे पाळी, आज कुणाच्या घरी आहे. वरच्या वाडीत मराठ्यांची घरं, खालच्या वाडीत बौद्धांची. टाकी दोन्ही वाड्यांनी श्रमदानाने बांधलेली. पूर्वी व्हॉल्वची चावी वरच्या वाडीत असायची, तेव्हा खालच्यांची बारी आली की ती हमखास सापडायची नाही. मग चावी खाली आली, आणि वरच्यांची तीच तक्रार सुरू झाली. डोंगर चढायला आलेल्या अनघाने हे भांडण टाकीपाशी बसून ऐकलं आणि पुढच्या वर्षी एक पेटी घेऊन परत गेली. टाकीला मोटरचा व्हॉल्व, वर सौर पत्रा, खांबावर अँटेना. प्रत्येक घराच्या एका फोनमध्ये त्या घराची किल्ली, म्हणजे एक लांबलचक गुप्त आकडा. ज्याची बारी त्यानेच बटण दाबलं तर पाणी सुटणार, आणि 'भरलं' म्हणून दाबलं की बारी पुढच्या घरी जाणार. साखळीवर प्रत्येक वेळी लिहायला त्या साखळीच्याच नाण्याचा अगदी कणभर लागतो, तेवढं तिने घालून ठेवलं होतं.

कॉन्ट्रॅक्ट तिने आधी मला वाचायला पाठवलं. ती नेहमीच पाठवायची. "तर्कात भोक दिसलं तर सांगा." मी ओळ अन् ओळ वाचली. भोक दिसलं नाही.

पोलादपूर

नरेश तांबे पोलादपूरच्या एका शाळेत कारकून आहेत. घर खालच्या वाडीत. अनघाच्या फोनवर त्यांचा मेसेज आला होता: मॅडम, बारी अडकली आहे, फोन करा. तो फोन मी चार्ज करून ठेवतो. मी उत्तर लिहिलं होतं की मी तिचे वडील, मी येतो. बाकी काही लिहिलं नव्हतं.

एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात ते वाट पाहत होते. मिसळ मागवली. इथली मिसळ आमच्या नाशिकपेक्षा पातळ आणि तिखटाला सौम्य. पाव मात्र गरम होता.

"मॅडम परदेशात गेल्या काय सर?"

मी नाही म्हणालो, आणि मग सांगितलं. डेंगी झाला, आठवड्यात गेली. नातेवाइकांना कळवण्याचं काम माझ्या भावाने केलं होतं, शेजाऱ्यांना आपोआप कळलं. हे वाक्य पूर्ण, माझ्या तोंडाने, मी पहिल्यांदाच बोलत होतो, मिसळीच्या ताटलीकडे बघत.

तांब्यांनी चहाचा ग्लास एकदा फिरवला, पैसे देऊन आले आणि खुर्चीवरची माझी पिशवी उचलून खांद्याला लावली. मी हात पुढे केला तर म्हणाले, "चढ हाय सर."

चढ जीपने चढायचा होता. तरी पूर्ण रस्ताभर त्यांनी पिशवी मला दिली नाही.

पठारावर

पोलादपूर सोडलं की सावित्री काही वेळ दिसते, मग रस्ता डोंगराला लागतो. पांगारे फुलले होते. काजूचा वास खाली राहिला आणि वर करवंदीच्या जाळ्या सुरू झाल्या, अजून हिरव्या करवंदांच्या. पठारावर पोचलो तेव्हा ऊन कडक होतं आणि वारा गार. नाचणीच्या खाचरांची काळी ढेकळं, कडेला पालापाचोळा जाळून केलेल्या भाजावळीची राख, आणि समोर साताऱ्याच्या बाजूचे डोंगर एकामागे एक, मागचा पुढच्यापेक्षा फिका. आमच्याकडे डोंगर सुटे उभे असतात. इथे ते एकमेकांना टेकलेले दिसतात.

टाकी दोन वाड्यांच्या मधे होती. वर स्लॅब, झाकणाला कुलूप, शेजारी अनघाची पेटी. मागच्या बाजूला जादा पाण्याची नळी थेट दरीत सोडलेली. ती वाहत होती. दरीत लांबवर बायका हंडे भरताना दिसल्या.

"म्हणजे टाकीतून सांडलेलंच पाणी त्या खाली जाऊन भरतात?" मी विचारलं.

"तेच," तांबे म्हणाले. "आणि ते घेऊन परत इथवर चढतात."

"कुणी फोडली का नाही पेटी? व्हॉल्व हाताने फिरवता आला असता."

"हातोडी दोन्ही वाड्यांत हाय सर. पहिला घाव कुणी घालायचा? आम्ही घातला तर जन्मभर ऐकायचं, करार तुम्ही मोडला. त्यांनी घातला तर आम्ही ऐकवणार." त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "ऐकवणारच. खोटं कशाला बोलू."

बारी वरच्या वाडीत चिकण्यांच्या घरी अडकली होती. तिथे गेलो. घरधनी चिकणे फेब्रुवारीत वारले होते. त्यांची बायको सुभद्राकाकी अंगणात कुळीथ पाखडत होत्या. मुंबईला असणारा मुलगा बाळाराम रजा टाकून आलेला. तांब्यांनी अंगणातच काकींना माझ्याविषयी हलक्या आवाजात सांगितलं. काकींनी सूप खाली ठेवलं.

"कवा गेली?"

"श्रावणात."

"लगीन?"

"नव्हतं झालं."

"इथं यायची तर माझ्या हातची भाकरी खाऊन जायची. बोलायची कमी." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुमच्यावर गेलेली."

जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि कैरीची चटणी होती. मी बाजरीचा माणूस, तांदळाची भाकरी मला नेहमी अर्धवट वाटते. त्या दिवशी तीन खाल्ल्या असतील. बारी कशी अडकली ते जेवताना बाळारामने सांगितलं.

सुतकाचे दिवस होते तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही. इथे सुतकातलं घर पाण्याला जात नाही, शेजारी त्यांचं पाणी भरतात. शेजाऱ्यांनी आपापल्या साठ्यातलं दिलं. बारी चिकण्यांवर थांबून राहिली, आणि सगळ्यांनी मानलं की थांबणारच. अनघाच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मुदत नव्हती. ती तिने घातली होती, पण गावाने काढायला लावली होती. लोक लांब शेतावर असतात, कुणाची बारी केवळ वेळ झाला म्हणून बुडू नये, हे दोन्ही वाड्यांचं तेव्हा एकमताने ठरलं होतं.

"मग सुतक फिटलं," बाळाराम म्हणाला. "आई बोलली, बटण दाब. पण मोबाइल कुठं हाय?"

"कुठे होता?"

बाळारामने आईकडे पाहिलं. काकी म्हणाल्या, "सांग की. आता लपवून काय?"

"सावित्रीत सोडला."

मी घास तसाच धरला.

"म्हंजे कसं सर, अस्थी सोडायला पोलादपूरला नेल्या. आमच्यात माणसाच्या जिवाची वस्तू बरोबर सोडतात. चंची, काठी. बाबांचा जीव त्या मोबाइलमधे. पाणी सोडायचं म्हणून पहाटेपासून धोतरात खोचून फिरायचे. कुणाला हात लावू द्यायचे नाय. मग मीच फडक्यात बांधला. तेव्हा डोक्यातच आलं नाय. टेन्शनमधे होतो."

"रडत व्हता," काकी म्हणाल्या.

"तेच. मग नंतर सेम नंबर काढला, नवीन मोबाइलला टाकला. कंपनीने लगेच दिला. पण ॲप बोलतो, अनोळखी."

"नंबर कंपनीकडे असतो, म्हणून तो परत मिळतो," मी म्हणालो. "किल्ली फक्त त्या फोनमध्ये होती. ती परत देऊ शकेल अशी कंपनीच नाही."

तांबे भाकरी मोडत म्हणाले, "म्हंजे पाण्याचा हुकूम पाण्यातच गेला."

"तू गप रे," काकी म्हणाल्या, पण त्यांच्या तोंडावर हसू होतं. बाळाराम मान खाली घालून जेवत होता. मला त्याच्याविषयी वेगळंच वाटत होतं. त्याने वडिलांची जिवाची वस्तू त्यांना देऊन टाकली होती. मी आठ महिने एक लॅपटॉप छातीशी धरून बसलो होतो.

टाकीपाशी

काम म्हटलं तर सोपं होतं. एखाद्या घराची किल्ली बदलण्याचा अधिकार कॉन्ट्रॅक्टमध्ये मालकाला होता आणि मालक अनघाची किल्ली. ती उघडण्याचा शब्द तिने दोनच ठिकाणी ठेवला होता. एक तिचं डोकं आणि दुसरं माझं. काकींच्या नव्या फोनची नोंद करून मी संध्याकाळच्या मुक्कामी एसटीने पोलादपूर गाठू शकलो असतो, असं आधी वाटलं. मग कळलं की मुक्कामी एसटी संध्याकाळी वर येते आणि सकाळी खाली जाते. राहावं लागलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही वाड्यांतली माणसं टाकीच्या सावलीत जमली. वरच्या वाडीची एका बाजूला, खालच्यांची दुसऱ्या, मधे मी आणि लॅपटॉप. इथे रेंज बरी येते.

तांबेच आधी बोलले. "सर आज चिकण्यांची किल्ली बदलतील. उद्या माझा फोन गेला तर?"

"सर हायत की," बाळाराम म्हणाला.

"सर किती वर्षं?"

"तोंड सांभाळ रे नऱ्या," कुणीतरी वरच्या बाजूने म्हणालं.

"त्यांचं बरोबर आहे," मी म्हणालो. "मी सत्तरीला आलो."

"मग किल्ली गावात द्या," एक म्हातारे म्हणाले.

"कुणाकडे?" हे दोन्ही बाजूंनी एकदम आलं. वरच्यांकडे दिली तर खालचे नाही म्हणणार, खालच्यांकडे दिली तर वरचे. ती अनघाकडे होती कारण ती कुणाचीच नव्हती. शेवटी बाळाराम म्हणाला, "तुमच्याकडंच ठेवा सर. तुमच्यावर सगळ्यांचा भरवसा हाय. तुम्हाला येता-जाता होईल."

मला ते हवं होतं, हे कबूल करायला हवं. कुठेतरी माझी गरज असावी, कुणाचा तरी फोन यावा, आणि मी तिची किल्ली उघडून तिच्या सहीने एखादं काम करावं. पण ते कॉन्ट्रॅक्ट मी पुन्हा वाचलं होतं, आणि या वेळी भोक दिसलं होतं. तिने बारी बुडू नये याची सगळी काळजी घेतली होती. माणूस बुडेल हे तिने कुठे धरलंच नव्हतं. कुठल्याच अटीत नाही, ना चिकण्यांसाठी, ना स्वतःसाठी. एकतिसाव्या वर्षी ते कोण धरतं? आणि वाचणाऱ्यालाही ते सुचलं नव्हतं.

"मला दोन दिवस द्या," मी म्हणालो.

ती असताना मी नुसता वाचक होतो. लिहायला तिच्यामागे शिकलो, तिच्याच जुन्या कामावरून, हळूहळू. चिकण्यांच्या ओटीवर बसून मी एक छोटं कॉन्ट्रॅक्ट लिहिलं. त्याचं काम एवढंच, की मालक म्हणून बसायचं. त्याला दोन बाजू. प्रत्येक वाडीची काही नावं. किल्ली बदलायची तर वरच्या वाडीतल्या कुणाही एकाने आणि खालच्या वाडीतल्या कुणाही एकाने, दोघांनी दाबायला हवं. एकानेच दाबलं तर कॉन्ट्रॅक्ट ते लक्षात ठेवून दुसऱ्याची वाट पाहणार. एखादं नाव गेलं तर उरलेली नावं तशीच दोन्ही बाजूंनी नवं नाव घेऊ शकणार. प्रत्येक ओळीपाशी मी थांबत होतो आणि स्वतःला विचारत होतो, हा माणूस उद्या नसेल तर? लिहायला सोपी होती ती अट. रोज आपण जे म्हणायला धजत नाही ते इथे सरळ लिहायचं असतं.

सुतकासाठीही वेगळी अवस्था ठेवावी असं माझ्या मनात आलं. सुतकातल्या घराऐवजी शेजाऱ्याला दाबता यावं. काकी ओटीच्या टोकाला बसून सुपारी कातरत होत्या. त्यांना विचारलं.

"ते नका घालू," त्या म्हणाल्या.

"का?"

"शेजारी काय विचारून येतो? येतो आपला."

तांब्यांनाही विचारलं. त्यांच्यात सुतक पाळत नाहीत. "पण ज्या घरी माणूस गेलं तिथली चूल त्या दिवशी पेटू देत नाही शेजारी. तेवढं हाय."

नाशिकला आमच्या सोसायटीत अनघा गेली त्या दिवशी दाराबाहेर कुणीतरी डबा ठेवून गेलं होतं. बेल वाजवली नव्हती. मी दुसऱ्या दिवशी डबा घासून तिथेच ठेवला, तो कुणीतरी नेला. कुणाचा होता हे मला अजून माहीत नाही.

सुतकाची अट मी घातली नाही.

आधी चाचणीसाठी असते त्या खोट्या साखळीवर सगळं चालवून पाहिलं, कारण खऱ्या साखळीवर एकदा ठेवलेलं कॉन्ट्रॅक्ट खोडता येत नाही. मग माणसं पुन्हा टाकीपाशी जमली. नावं ठरवताना दोन्ही वाड्यांनी वर्षभर गावात राहणारी निवडली, आणि ती बहुतेक बायकांची निघाली. वरच्या बाजूला शेजारच्या लक्ष्मीबाई आणि आणखी काही, खालच्या बाजूला तांब्यांची बायको रंजनाताई आणि तिच्या जावा. पुरुष मुंबईत नाहीतर पोलादपूरला.

नवं कॉन्ट्रॅक्ट साखळीवर गेलं. उरलं होतं जुन्याची मालकी त्याच्या नावे करणं. अनघाची किल्ली उघडली. पडद्यावर तिने तिला दिलेलं नाव आलं, 'टाकी'. खाली विचारणा होती, सही करायची का?

माझा हात जरा रेंगाळला असावा. सुभद्राकाकी जवळ येऊन बसल्या.

मी सही केली. काही क्षणांनी ती साखळीवर नोंदली गेली.

आता तपासणी राहिली. जुनी किल्ली खरोखर निकामी झाली का हे बघावंच लागतं, नाहीतर सगळं काम व्यर्थ. म्हणून मी अनघाच्या किल्लीनेच काकींचा फोन नोंदवायचा प्रयत्न केला. कॉन्ट्रॅक्टने नकार दिला: तुम्ही मालक नाही. संदेश मराठीत होता. तिनेच लिहिला होता तो, अनोळखी माणसांसाठी.

"काय म्हणतंय?" तांब्यांनी विचारलं.

"नाही म्हणतंय," मी म्हणालो. "बरोबर चाललंय."

मग लक्ष्मीबाईंनी आपल्या फोनवर दाबलं. कॉन्ट्रॅक्ट खालच्या वाडीची वाट पाहू लागलं. सगळे रंजनाताईंकडे बघायला लागले. त्यांनी फोन हातात धरला होता, पण दाबत नव्हत्या.

"रंजे, दाब की," तांबे म्हणाले.

"थांबा. आधी एक सांगा सर. बारी अडकली चिकण्यांच्याच घरी. म्हंजे आता मी दाबलं की पहिलं पाणी वरच्याच वाडीला?"

"हो. तिथपासूनच पुढे."

"एवढे दिवस वहाळ आम्हीपण चढलो," रंजनाताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. वरच्या बाजूला कुजबुज झाली. बाळारामने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

काकींनी त्याला हातानेच गप्प केलं. त्या उठल्या, खालच्या वाडीच्या बाजूला गेल्या आणि रंजनाताईंच्या पायापाशी ठेवलेला रिकामा हंडा उचलून स्वतः टाकीच्या नळाखाली लावला.

"दाब गो," त्या म्हणाल्या. "बारी माझी, हंडा तुझा."

रंजनाताईंनी दाबलं. काकींचा फोन नोंदला गेला. मग काकींनी बाळारामला विचारत विचारत, चुकीचं बटण एकदा दाबून, मग बरोबर दाबून, पाणी सोडलं. पेटीत मोटर घरघरली. नळाला आधी हवा आली, मग गंजाचं लाल पाणी, मग स्वच्छ.

"लाल पाणी माझ्या हंड्यात दिलं काकी," रंजनाताई म्हणाल्या.

"मग ओत आणि परत लाव. कोण नको म्हणतंय?"

सकाळी मुक्कामी एसटीला तांबे सोडायला आले. पिशवी माझ्या हातात देताना म्हणाले, "आता काही अडलं तरी तुमच्याकडून होणार नाय ना?"

"नाही. तुम्हा दोघांनाच करावं लागेल."

"मग तुम्ही कशाला येणार आता?" ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून ओशाळले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी जे विचारलं तेच मीही मनात विचारत होतो. एसटी सुटली. खिडकीतून दोन्ही वाड्यांची कौलं दिसली, मग वळणाआड गेली.

नाशिक

घरी येऊन आता बरेच आठवडे झाले. गावाहून फोन येत नाही. तसा तो यायला नकोच. उन्हाळ्यात एकदा खालच्या वाडीत कुणाचा तरी फोन फुटला, तेव्हा दोन्हीकडून दाबून त्यांनी किल्ली बदलली. त्यांनी मला सांगितलं नाही. मला ते साखळीवर दिसलं.

तिथे लिहायला किल्ली लागते. वाचायला लागत नाही. जगातला कुणीही ते वाचू शकतो आणि माझ्याशिवाय कुणी वाचत असेल असं वाटत नाही. सकाळी उठलो की मी लॅपटॉप उघडतो. कॉन्ट्रॅक्टला एकच प्रश्न विचारता येतो, बारी कुणाच्या घरी आहे, आणि ते लगेच सांगतं. नावं नसतात, नुसत्या अक्षर-आकड्यांच्या लांब ओळी, पण कुठली ओळ कुणाचं घर हे आता मला पाठ झालं आहे. काकी पहाटेच उरकतात. रंजनाताईंना उशीर होतो, त्यांच्याकडे बारी दुपारपर्यंत राहते.

आज सकाळी बघितलं तेव्हा ती चिकण्यांकडे होती. मी थांबलो. थोड्या वेळाने ओळ बदलली, बारी पुढच्या घरी गेली. मी उठून चहा ठेवला.